इर्याची मूठ

इर्या सालोवारा मुठीनं लगदा तपासायची. टाकीत हात घालायचा, बचकभर ओला लगदा उचलायचा, मूठ आवळायची आणि बोटांच्या फटींतून पाणी कसं गळतं ते बघायचं. पाणी गढूळ आलं तर तंतू फार तुटलेत, नितळ आलं तर अजून दळायला हवा, आणि मूठ उघडल्यावर लगद्यावर बोटांचे वळ तसेच राहिले तर झालं काम. हे तिला १९७४ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, कागदाच्या कारखान्यातल्या पहिल्याच हिवाळ्यात जमलं. वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेतून निकाल यायला चाळीस मिनिटं लागायची. तो निकाल इर्याच्या मुठीशी जुळला नाही तर जुने कामगार प्रयोगशाळेला सांगायचे, पुन्हा तपासा म्हणून.

मूठ अशी होती. तोंडाच्या बाबतीत मात्र इर्या अस्सल लेप्पासाल्मीची. आमच्या गावात नाव घेऊन विचारल्याशिवाय कुणी बोलत नाही. सगळ्यांना मिळून विचारलेला प्रश्न कुणालाच विचारलेला नसतो, असा इथला अलिखित कायदा आहे, आणि लिहिलेल्या कायद्यांपेक्षा तो जास्त पाळला जातो. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे गावाच्या वेशीवर कोरून ठेवायला हरकत नाही. वेइक्कोनं इर्याला मागणी घातली ती होडीत बसून. "त्या टेकाडावर दोघांचं घर छान दिसेल," असं तो म्हणाला. त्यानं विचारलं काहीच नव्हतं, तेव्हा इर्यानं उत्तरही दिलं नाही. बिचारा आठ दिवस लाकडांचा ट्रक चुकीच्या रस्त्यांनी चालवत होता. नवव्या दिवशी येऊन म्हणाला, "इर्या, तुला काय वाटतं?" ती लगेच म्हणाली, "तळ्याकडे तोंड करून बांध." घर तसंच बांधलं, आणि अजून उभं आहे.

पण हे गप्प राहणं एकदा फार महागात पडलं. १९९१ च्या नोव्हेंबरात दोन नंबरच्या मशीनजवळून जाताना इर्यानं कठड्यावर हात टेकला आणि तळहाताला बारीक थरथर लागली. सुकवणीच्या एका रुळाचं बेअरिंग जात होतं. पाळी बदलताना फोरमननं हातातल्या कागदावरची नजर न उचलता विचारलं, "सगळं ठीक?" बारा जण उभे होते. बाराही जणांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. तासाभरात रूळ अडकला, मशीन नऊ दिवस बंद पडलं, आणि ताउनो पेल्कोनेनच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली.

इर्या इस्पितळात त्याला भेटायला गेली.  खाटेजवळ बसत ती म्हणाली, "मला हाताला लागलं होतं, ताउनो. मी बोलले नाही."

"मला कानाला लागलं होतं," ताउनो म्हणाला. "मी तरी कुठं बोललो. जा, कॉफी आण."

पुढं ताउनो आपल्या आठ बोटांवर स्वतःच विनोद करायचा. बिअर मागवताना दोन्ही हात वर केले की त्याला आठ मिळायच्या आणि तो म्हणायचा, बघा, अर्ध्या पेल्याचाही घोटाळा नाही. सगळे हसायचे. इर्याही हसायची, पण तिची नजर त्या हातावर जायची आणि तिथून निघायला वेळ लागायचा.

मग लोकांनी वर्तमानपत्रं वाचणं सोडलं. दोन नंबरचं मशीन, ज्यातून निम्म्या देशाची सकाळ छापायचा कागद निघायचा, ते २००९ साली कायमचं थांबलं. त्याचे, ओला कागद वाहून नेणारे लोकरी पट्टे लोकांनी घरी नेले. आज लेप्पासाल्मीत असं एक घर दाखवा, जिथं साउनातल्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरातल्या, बाकावर त्या पट्ट्याचा तुकडा नाही. शेजारची लगद्याची लाइन जेमतेम चालू राहिली, आणि २०११ साली एका कोपऱ्यात तीन नंबरची लाइन म्हणून काहीतरी नवीन सुरू झालं. ते सुरू करायला सानेल्मा कोर्टेला आली. वय बत्तीस, डॉक्टरेट केलेली, राजधानीलगतच्या एस्पोची. बोलायची इतकी भराभर की आमच्या लोकांना पहिलं वाक्य पोचेपर्यंत तिचं पाचवं संपलेलं असायचं.

पहिल्या दिवशी तिनं तपकिरी द्रवाचा एक कॅन टेबलावर ठेवला. "हे एन्झाइम. लाकडाचा तंतू म्हणजे सेल्युलोजच्या हजारो बारीक धाग्यांची मोळी असते. हे त्या मोळीचे बंध सोडवतं. धागे सुटले की लगद्याची लोण्यासारखी लापशी होते. ती रंगात घाला, रंग भिंतीवरून ओघळणार नाही. कागदावर पसरा, पावाच्या वेष्टणाला प्लॅस्टिक लागणार नाही. मलमात, जखमेच्या पट्टीत, कशातही जाईल. आणि हे एन्झाइम जिवंत नाही बरं का, पण काम भरपूर करतं."

"म्हणजे आपल्या लिंडरूसच्या बरोबर उलट," ताउनो पुटपुटला. रेयो लिंडरूस म्हणजे कारखान्याचा मॅनेजर. तो दारातच उभा होता, पण आमच्याकडे मॅनेजरलाही नाव घेऊन विचारल्याशिवाय बोलता येत नाही.

दोन वर्षं गेली, आणि लोणी काही निघेना. सानेल्माची पद्धत पुस्तकात होती तशी होती. भल्यामोठ्या टाकीत शंभर भाग पाण्याला दोन भाग लगदा, त्यात एन्झाइम, वरून पंख्यांनी ढवळणं, आणि मग तो सगळा पाणचट रस ग्राइंडरमधून पुन्हा पुन्हा काढायचा. त्या ग्राइंडरला कामगारांनी पाद्रीबुवा नाव ठेवलं होतं, कारण तो तासन्‌तास घुमायचा आणि शेवटी हाती फारसं काही लागायचं नाही. वीज तर इतकी खायचा की नाकापेक्षा मोती जड. जे निघायचं त्यात नुसतं पाणी. ते पाणी काढायला जावं तर गुठळ्या व्हायच्या. घट्ट लगदा घेऊन बघितला एकदा, तर पंख्याचं पातं मोडलं. तेव्हापासून घट्टाचं नाव कुणी काढलं नाही.

२०१३ च्या फेब्रुवारीत तुर्कूच्या रंग कंपनीनं निरोप धाडला. माल घेणारी तेवढी एकच कंपनी उरली होती. आम्हाला पाण्याचे ट्रक नकोत, घट्ट माल द्या, निम्म्या विजेत बनवलेला. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी आमची माणसं येतील, त्यांच्या डोळ्यांदेखत करून दाखवा. नाही जमलं तर राम राम. लिंडरूसनं ते वाचून दाखवलं आणि पुढचं न वाचताच सगळ्यांना कळलं. तिसरी लाइन गेली की लगद्याची जाणार, आणि ती गेली की चौसष्ट माणसं घरी बसणार. इर्या छप्पन्न वर्षांची होती. तिच्या मुठीला कारखान्याच्या भिंतींबाहेर जगात कुठेही काम नव्हतं, आणि हे तिला इतकं स्पष्ट दिसलं की तिनं हातमोजे काढले आणि तळहात बघत बसली.

"कुणाला काही सुचवायचंय?" सानेल्मानं विचारलं. तेरा जणांनी कॉफीच्या कपांत बघितलं. सानेल्माला वाटलं, यांच्याकडे सांगण्यासारखं काही नाही. त्यांना वाटलं, हिनं आपल्याला विचारलंच नाही. दोन वर्षं हे असंच चाललं होतं.

त्या शनिवारी इर्या घरी आली तेव्हा तिची आई लेंपी चुलीपाशी मेम्मी करत होती. मेम्मी ही राय नावाच्या धान्याची दाट गोड खीर, खायची ईस्टरला, पण लेंपी फेब्रुवारीतच एकदा सरावासाठी करायची, कारण मागच्या वर्षी चर्चच्या जेवणात पाद्र्याच्या बायकोची मेम्मी आधी संपली होती आणि हे दुःख एक्याऐंशीव्या वर्षीही ताजं होतं. गरम पाण्यात रायचं पीठ आणि मोड आणून दळलेलं धान्य, म्हणजे माल्ट, कालवून दाट लापशी केली होती, वर पिठाचा थर पसरला होता, आणि भांडं टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवलं होतं. इर्यानं नेहमीप्रमाणे टॉवेल उचलून बघितलं.

"ठेव ते खाली," लेंपी म्हणाली. "लहानपणापासून खोड आहे तुला. उघडून बघितल्यानं लवकर होत नाही, उलट गार होतं."

"ढवळत नाहीस?"

"ढवळायचं काय त्यात? घट्ट ठेवायचं, ऊब द्यायची, थोडं थोडं पीठ घालत जायचं, आणि निजू द्यायचं. माल्ट आपलं आपण काम करतो. तासाभरानं बघ, घट्ट होतं ते सैल आणि गोड होईल. सैल झालं की मात्र लगेच भट्टीत. तिथं चुकलीस तर पाणी होतं." लेंपीनं तिच्याकडे रोखून बघितलं. "हे तुला सहाव्या वर्षी सांगितलंय. आज काय नवीन?"

इर्यानं टॉवेल पुन्हा नीट गुंडाळला. माल्ट पिठाची मोळी सोडवतो, हे तिच्या डोक्यात गोल गोल फिरत होतं. घट्ट, ऊब, निजू द्यायचं. आणि आपण कारखान्यात काय करतोय? पाण्यात बुडवून, पंख्यानं पळवून, त्याला एक क्षण स्वस्थ बसू देत नाही.

तिनं ब्ल्यूबेरीची बादली उचलली, सायकलवरून कारखान्यात गेली आणि बादलीभर पिळलेला लगदा व कपभर एन्झाइम घेऊन आली. विचारून आणलं का, असं मला विचारू नका. निम्म्या देशाच्या कागदाचे पट्टे ज्या गावात साउनाच्या बाकांवर आहेत, तिथं एका बादलीचं काय घेऊन बसलात. संध्याकाळी सगळ्यांची साउना झाल्यावर, दगड अजून गरम असताना, तिनं लाकडी टपात लगदा कुस्करला, एन्झाइम थोडं थोडं घालत कणकेसारखा मळला, टप वरच्या बाकावर ठेवला आणि दार लावून घेतलं. पूर्वी साउनाच्या अशाच बाकावर लेंपीची आई माल्ट निजवायची.

"साउनात कारखाना आणलास," वेइक्को म्हणाला. "पुढच्या शनिवारी कारखान्यात टॉवेल घेऊन जाऊ का?"

सकाळी टप उघडला तेव्हा वरचा थर पावाच्या चुऱ्यासारखा होता. त्याखाली मात्र लगदा पांढराशुभ्र, चकचकीत आणि थंडीतल्या लोण्याइतका घट्ट झाला होता. इर्यानं मूठ आवळली. पाण्याचा थेंब आला नाही. बोटांच्या फटींतून मऊ पट्ट्या वर आल्या, आणि मूठ उघडल्यावर वळ जसेच्या तसे राहिले. ती त्या गरम अंधाऱ्या खोलीत एकटीच उभी होती आणि मोठ्यानं हसली. बाहेर वेइक्कोनं ऐकलं आणि तो लाकडं फोडायचा थांबला.

सोमवारी तिनं टप सानेल्माच्या टेबलावर ठेवला आणि उभी राहिली.

"हे काय?"

"लगदा."

"कुणाचा?"

"आपलाच."

सानेल्मानं बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा सावकाश बोलली. "इर्या, तू हे कसं केलंस?" नाव घेऊन विचारलं होतं, त्यामुळे इर्यानं सगळं सांगितलं, मेम्मीसकट. सानेल्मा ऐकता ऐकता एका कागदावर लिहीत गेली. "घट्ट असेल तर तंतू एकमेकांवर घासतात," ती स्वतःशीच म्हणाली. "ग्राइंडरचं काम तेच करतात. हे मला सुचायला हवं होतं. माझी आजी ख्रिसमसला कुस्करलेला बटाटा गोड व्हायला असाच निजवून ठेवायची. मी दुकानातून आणते."

मळायला मशीन हवं होतं. गावातली रायच्या पावाची बेकरी बंद पडली होती आणि तिचं कणीक मळायचं मोठं मशीन ताउनोच्या मेहुण्याच्या गोठ्यात ताडपत्रीखाली होतं. ते आणलं, त्याला गरम पाण्याचं वेष्टण बसवलं, वाफेची नळी जोडली. पी हळद आणि हो गोरी असं मात्र झालं नाही. पहिल्या दिवशी आठ तास ठेवलं तर ताकाचं पाणी. एन्झाइमनं बंध सोडवता सोडवता धागेच कुरतडून टाकले होते. दुसऱ्या दिवशी चार तासांत काढलं तर नुसता चुरा. सहा तासांना लोणी. मग पाच वेळा सहा तास करून पाहिलं, पाचही वेळा लोणी. सहा तास झाले की वाफ सोडून एन्झाइमचा खेळ संपवायचा, म्हणजे माल पिंपात गेल्यावर पातळ होत नाही. सानेल्मानं कार्यपद्धतीचा कागद छापला, त्यावर जाड अक्षरांत लिहिलं 'सहा तास', आणि तो मशीनसमोर लावला. पाद्रीबुवा कोपऱ्यात गप्प उभा होता.

पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी तुर्कूहून तीन माणसं आली. त्यांची प्रमुख गुनेल एकहोम, साठीची, पांढऱ्या केसांची, कमी बोलणारी. पाहुणे येणार म्हणून लिंडरूसनं आदल्या दिवशी आपल्या डोक्यानं एक गोष्ट केली होती. रोज आम्ही वाळलेल्या लगद्याच्या गाठी भिजवून घ्यायचो. त्यानं सांगितलं, पाहुण्यांसाठी शेजारच्या लाइनवरचा ताजा, ओला, उत्तम बर्च लाकडाचा लगदा घ्या. पाहुण्याला शिळा पाव कोण वाढतं? सानेल्मानं मान डोलावली, कारण बर्च तो बर्च. आठ वाजता मशीन सुरू झालं. स्विचपाशी ताउनो, मशीनपाशी इर्या.

अकराला इर्यानं पहिली मूठ आवळली. चुरा नेहमीपेक्षा मऊ होता. बाराला चमक आली होती, जी रोज एक वाजून गेल्यावर यायची. साडेबाराला फटींतून पट्ट्या वर आल्या. आणखी दहा मिनिटांनी तिनं मूठ उघडली आणि बघत राहिली. वळ उमटले होते, पण त्यांच्या कडा हळूहळू बसायला लागल्या होत्या. म्हणजे आता थोड्या मिनिटांचा प्रश्न होता. भिंतीवरचं घड्याळ म्हणत होतं चार तास चाळीस मिनिटं. कागद म्हणत होता सहा तास.

सानेल्मा पाहुण्यांना आलेख दाखवत होती, पाठ मशीनकडे. "कुणाला काही प्रश्न?" तिनं हसून विचारलं, सगळ्यांना मिळून.

 इर्यानं ताउनोकडे बघितलं. ताउनोचा तीन बोटांचा हात स्विचवर होता आणि कान मशीनकडे लागले होते. मळण्याचा आवाज बदलला होता, घरघर जाऊन चपचप आली होती. त्यालाही कळलं होतं. तो तिच्याकडे बघत होता आणि बोलत नव्हता. बावीस वर्षांनी पुन्हा दोघांना ठाऊक होतं, आणि पुन्हा कुणी विचारलं नव्हतं. इर्याला त्या क्षणी स्वतःचा इतका राग आला की भीतीला जागाच उरली नाही.

"थांबवा," ती म्हणाली. मशीनच्या आवाजात ते कुणालाच ऐकू गेलं नाही. मग ती अशी ओरडली की दारापाशी सूप घेऊन आलेली कॅन्टीनवाली थबकली. "सानेल्मा, थांबव. आत्ताच्या आत्ता."

सगळे वळले. लिंडरूसचा चेहरा पडला. "इर्या, अजून एक तास वीस मिनिटं आहेत. कागदावर लिहिलंय."

"कागद वाळलेल्या लगद्यासाठी लिहिलाय. वाळला की तंतू मिटतो, भिजवला तरी पुरता उघडत नाही. हा ओला आहे, वाळलाच नाही कधी, हा पहिल्यापासून उघडा आहे. एन्झाइम सरळ आत गेलं. हा झाला. अजून ठेवला तर ताक होईल, आणि मग ही मंडळी तुर्कूला जातील आणि आपण घरी." एवढं सलग बोलताना इर्याला आमच्यापैकी कुणी कधी ऐकलं नव्हतं. वेइक्कोनंही नाही.

"कशावरून म्हणतेस?" लिंडरूस म्हणाला.

इर्यानं उघडी मूठ सानेल्मापुढे धरली. सानेल्मानं त्या वळांकडे बघितलं, भिंतीवरच्या आपल्याच कागदाकडे बघितलं, पुन्हा मुठीकडे बघितलं. "ताउनो, बंद कर," ती म्हणाली. "वाफ सोड."

"एक मिनिट," इर्या म्हणाली, आणि मशीन थांबताक्षणी तिनं बादलीभर लगदा काढून घेतला. "ही बादली गरम पाण्यात ठेवते. वाफ द्यायची नाही. कागदाप्रमाणे पुरते सहा तास."

"हात दाखवून अवलक्षण," लिंडरूस पुटपुटला. गुनेल एकहोमनं ते ऐकलं. घड्याळात बघून ती म्हणाली, "ठेवा बादली. आम्ही जेवून येतो."

गुरुवार म्हणजे वाटाण्याचं सूप आणि जॅम घातलेलं पॅनकेक. पाहुणे चांगलं जेवले. इर्यानं सूपला हात लावला नाही. ती बादलीशेजारी स्टुलावर बसून होती, आणि ताउनो तिच्याशेजारी उभा होता.

"झाकण उघडू का?" तिनं विचारलं.

"लेंपी मारेल," ताउनो म्हणाला.

दोन वाजता सगळे परत आले. मशीनमधला माल पिंपात भरला होता. सानेल्मानं लाकडी डाव त्यात उभा खुपसला आणि हात सोडला. डाव उभाच राहिला. गुनेल एकहोमनं तो बाजूला ढकलून बघितला, तिरपा होऊन तिथंच थांबला. मग इर्यानं बादलीचं झाकण काढलं आणि त्यात दुसरा डाव घातला. तो कडेला कलंडला. उचलला तर त्यावरून पांढरं पाणी सळसळत खाली आलं.  

"वीज किती लागली?" गुनेलनं विचारलं.

"तुम्ही मागितली होती त्याच्याही निम्मी," सानेल्मा म्हणाली. 

"आणि थांबवायचं कुणी ठरवलं?" गुनेल सगळ्यांकडे बघत म्हणाली. सगळ्यांना मिळून विचारलेला प्रश्न. सगळ्यांनी बुटांकडे बघितलं.

"इर्या सालोवारानं," ताउनो म्हणाला. तो स्विचपासून एक पाऊल पुढं आला होता आणि त्याचे कान लाल झाले होते. "कुणी विचारलेलं नसताना. हे तुम्हाला तुर्कूला कळायचं नाही, पण इथं हे पहिल्यांदाच झालंय. मलाही कळलं होतं. मी गप्प राहिलो. ती नाही राहिली."

गुनेल एकहोम इर्यापाशी गेली, तिचा लगद्यानं माखलेला हात धरला आणि झटकला नाही. "वर्षाचा सगळा माल आम्ही घेतो," ती म्हणाली. "फक्त या बाईंना रजेवर पाठवू नका." कॅन्टीनवाली रडायला लागली, कारण चौसष्टांत तीही होती. लिंडरूसनं खिशातून रुमाल काढून तिला दिला, आणि मग स्वतःलाच लागला म्हणून परत घेतला.

संध्याकाळी इर्या घरी पोचण्याआधी बातमी पोचली होती. लेंपी दारातच उभी होती. "ओरडलीस म्हणे."

"ओरडले."

"छप्पन्न वर्षं मला वाटत होतं, तुला फक्त माझ्यावरच ओरडता येतं," लेंपी म्हणाली, आणि मान वळवून डोळे पुसले.

ईस्टर झाल्यावर पहिल्या कामाच्या दिवशी सकाळी आम्ही गेलो तेव्हा मशीनसमोरचा कागद बदललेला होता. 'सहा तास' खोडून सानेल्मानं हातानं लिहिलं होतं, 'इर्या म्हणेल तेव्हा'. लिंडरूस म्हणाला, असं लिहिता येत नाही, उद्या तिला ताप आला तर? सानेल्मा म्हणाली, म्हणूनच आजपासून ती चौघांना मूठ शिकवणार आहे. मग बैठक सुरू झाली. सानेल्मानं कॉफी घेतली, तेरा नावांची यादी काढली आणि म्हणाली की इथून पुढं ती एकेकाला नाव घेऊन विचारणार. दोन वर्षं उशीर झाला, पण शिकली. तिनं यादीतलं पहिलं नाव वाचायला तोंड उघडलं.

"माझं आधी ऐका," इर्या म्हणाली. "मला तीन गोष्टी सांगायच्यात."

ताउनोनं कप खाली ठेवला. "संपलं," तो शेजाऱ्याला म्हणाला. "आता दुपारपर्यंत सुटका नाही." आणि खुर्ची पुढं ओढून तो ऐकायला बसला.